वाचक विचारतात : माहिती भरपूर, पण मुद्दा कुठे?

सत्र संपत आले की अंतर्गत मूल्यमापनाचे निबंध, प्रकल्प आणि प्रबंधिका एकदमच अंगावर येतात. या अंकासाठी आलेल्या पत्रांतली निबंधलेखनाविषयीची पत्रे इथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : ‘१९८२ च्या संपामुळे मुंबईतल्या कापडगिरण्या बंद पडल्या, या विधानाची चिकित्सा करा’ असा १५०० शब्दांचा निबंध होता. चार पुस्तके वाचून लिहिला. शेरा मिळाला, ‘माहिती भरपूर, मांडणी नाही.’ मांडणी म्हणजे नेमके काय करायचे?
– प्रथम वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी, परळ

तुम्ही वाचलेले सगळे कागदावर आले, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आले नाही, असा त्या शेऱ्याचा अर्थ आहे. शाळेत आपण विषयावर लिहितो : ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’. तिथे जे सुचेल ते नीटस भाषेत उतरवले की गुण मिळतात. महाविद्यालयातला निबंध प्रश्नावर लिहायचा असतो आणि त्यातला प्रत्येक परिच्छेद त्या एका प्रश्नाला जबाबदार असतो. ही सवय बदलायला कोणी शिकवत नाही, म्हणून हुशार मुलेही पहिल्या वर्षी इथेच अडतात.

सुरुवात प्रश्नातल्या क्रियापदापासून करा. ‘स्पष्ट करा’ असते तर कसे घडले ते क्रमाने सांगणे पुरले असते. ‘तुलना करा’ असते तर दोन्ही बाजू एकाच निकषावर तपासाव्या लागल्या असत्या. इथे ‘चिकित्सा करा’ आहे. विधानात एक कारण आणि एक परिणाम जोडलेला आहे. तो जोड कितपत टिकतो ते पाहायचे आहे. त्यामुळे संपाची तारीखवार हकिगत सांगण्यात पाचशे शब्द गेले असतील, तर ते वाया गेले. त्याऐवजी विधानाच्या पोटातले छोटे प्रश्न काढा. संपाआधी गिरण्यांची तब्येत कशी होती? संप झाला नाही तिथे काय झाले? संप ओसरल्यावर गिरण्या पुन्हा सुरू करण्यात कोणाला रस होता?

वाचन झाल्यावर, लिहायला बसण्याआधी, आपले उत्तर एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ : ‘संपाने गिरण्या बंद पडण्याचा वेग वाढवला, पण त्यांची दुरवस्था आधीच सुरू झाली होती आणि पुढे जमिनीच्या भावाने त्या पुन्हा उभ्या राहण्याची शक्यता संपवली.’ हे वाक्य बरे आहे की नाही हे कसे ओळखायचे? एखादा माहीतगार माणूस त्यावर ‘मला नाही पटत’ असे म्हणू शकला पाहिजे. ‘१९८२ चा संप ही मुंबईच्या इतिहासातली महत्त्वाची घटना आहे’ याला कोणीच हरकत घेणार नाही, म्हणून त्याच्यावर निबंध उभा राहत नाही.

असे वाक्य हाताशी आले की मांडणी बरीचशी आपोआप ठरते. वरच्या वाक्याचे तीन तुकडे आहेत, म्हणून निबंधाचे तीन भाग. आधीची दुरवस्था दाखवायला १९७४ चा कायदा घ्या : संपाच्या आठ वर्षे आधी केंद्र सरकारने देशभरातल्या १०३ आजारी कापडगिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले होते. दुसऱ्या भागात १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप, त्यात उतरलेले सुमारे अडीच लाख कामगार आणि त्या काळात भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळलेले काम. तिसऱ्या भागात १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम, ज्यात गिरणीच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक असे वाटे ठरले होते, आणि ती वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरवणारी २००१ ची दुरुस्ती. यातली बरीच माहिती तुमच्या पहिल्या निबंधातही असेल. आता प्रत्येक माहितीला काम मिळाले, एवढाच फरक. पण गुण त्यावरच ठरतात.

परिच्छेद कसा बांधायचा, त्याचा एक नमुना देतो :

‘संप हेच एकमेव कारण असते, तर एवढा दीर्घ संप न झालेल्या शहरांतल्या गिरण्या तगायला हव्या होत्या. अहमदाबादमध्ये असा संप झाला नव्हता, तरी १९८० च्या दशकात तिथल्याही अनेक गिरण्या बंद पडल्या. जुनी यंत्रे आणि यंत्रमागांची स्पर्धा ही दुखणी दोन्ही शहरांत समान होती. तेव्हा मुंबईतल्या पडझडीत संपाचा वाटा मोजताना ही समान कारणे आधी वजा करावी लागतात.’

पहिल्या वाक्यात मुद्दा, मधल्या दोन वाक्यांत पुरावा, शेवटच्यात तो पुरावा मूळ प्रश्नाशी जोडलेला. प्रत्यक्ष निबंधात मधला भाग मोठा होईल, आकडे आणि संदर्भ येतील, पण क्रम हाच. विद्यार्थी बहुतेक वेळा चौथे वाक्य गाळतात. पुरावा दिला म्हणजे त्याचा अर्थ वाचणाऱ्याने लावावा, असे गृहीत धरतात. तपासणारा तो लावत नाही आणि त्याने लावायचाही नसतो.

शब्दांचा हिशेब आधीच करा. १५०० शब्दांत प्रस्तावनेला साधारण १४०, समारोपाला १३०, उरलेल्या जागेत पावणेदोनशे शब्दांचे सात परिच्छेद. म्हणजे तुमच्याकडे फक्त सात मुद्द्यांची जागा आहे. हे कळले की ‘मुंबई ही भारताची आर्थिक राजधानी असून’ अशा सुरुवातीवर पन्नास शब्द उधळावेसे वाटत नाहीत. प्रस्तावनेत वाद काय आहे, तुमचे उत्तर काय आणि ते कोणत्या वाटेने सिद्ध करणार, एवढेच हवे. ती सर्वांत शेवटी पुन्हा लिहा, कारण लिहिता लिहिता उत्तर थोडे सरकलेले असते.

पहिला खर्डा झाला की समासात प्रत्येक परिच्छेदाचे सार चार-पाच शब्दांत लिहा आणि फक्त समास वाचा. दोन ठिकाणी तेच सार आले, तर परिच्छेद जोडा. एखाद्याचे सार एका ओळीत मावत नसेल, तर त्यात दोन मुद्दे कोंबले आहेत. आणि ‘तसेच’ या शब्दाखाली सगळीकडे रेघ मारून पाहा. दर परिच्छेद ‘तसेच’ने सुरू होत असेल, तर माहिती रचली जाते आहे, युक्तिवाद पुढे सरकत नाही. विचार चालू असला की ‘पण’, ‘तरीही’, ‘म्हणून’, ‘याउलट’ हे शब्द येतातच.

प्रश्न : संदर्भ कुठे शोधायचे? नेटवर शोधले तर एकाच गोष्टीचे तीन आकडे मिळतात. कोणता खरा धरायचा?
– द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, मुलुंड

आधी दुसऱ्या भागाचे उत्तर. तीन आकडे मिळाले की त्यांतला एक खरा आणि दोन खोटे असतीलच असे नाही. प्रत्येक आकडा नेमके काय मोजतो ते पाहा. २६ जुलै २००५ चा पाऊस घ्या. ‘मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला’ असे सर्रास लिहिले जाते. हा आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेचा, चोवीस तासांचा आहे. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर पडला. मिठी नदीवर किंवा शहराच्या नियोजनावर निबंध लिहिताना तुमचा मुद्दा या दोन आकड्यांतल्या फरकातच दडलेला असू शकतो. ‘मुंबईत’ असे मोघम लिहिले की तो हातचा जातो. म्हणून प्रत्येक आकड्याबरोबर ठिकाण, काळ आणि मोजणारी संस्था टिपून ठेवा.

कधीकधी आकडे खरोखरच जुळत नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले हुतात्मे कुठे १०५, कुठे १०६, कुठे १०७ सांगितले जातात. तिथे स्वतः निवाडा करण्याचा आव आणू नका. कोणता आकडा कोणत्या साधनातून घेतला ते लिहा आणि तळटीपेत मतभेदाची नोंद करा.

शोधायचे कुठे? पहिली ओळख करून घ्यायला मराठी विश्वकोश चांगला. तो संकेतस्थळावर मोफत आहे आणि नोंदीखाली संदर्भग्रंथ दिलेले असतात. त्या यादीतूनच पुढची पुस्तके काढा. मराठी पुस्तकांसाठी १८९८ पासूनचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहे, विद्यापीठाच्या कलिना संकुलात जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. मुंबईच्या सामाजिक-आर्थिक प्रश्नांवर ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक चाळल्याशिवाय राहू नका; ते साप्ताहिक याच शहरातून निघते आणि गिरण्यांच्या संपावर त्यात भरपूर लिहिले गेले आहे. ते कसे मिळवायचे हे कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा. ‘मला अमुक प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे’ असे सांगितले तर ग्रंथपाल नेमके कपाट दाखवतात. ‘मुंबईवर काही आहे का’ म्हटले तर तेही हतबल होतात.

पहिल्या वर्षाच्या १५०० शब्दांना चार-पाच चांगली साधने पुरतात. टिपणाच्या कागदाला मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे लेखकाचे म्हणणे, सर्वांत आधी पृष्ठक्रमांक टाकून, आणि जसेच्या तसे घेतलेले शब्द अवतरणचिन्हांत. उजवीकडे त्यावर तुमचे म्हणणे : पटले का, कोणाशी विसंगत आहे, कोणत्या परिच्छेदात लागेल. उजवा रकाना रिकामा राहत असेल, तर तुम्ही वाचत नसून उतरवून घेत आहात. जुन्या मराठी पुस्तकांवर साल शके देऊन छापलेले असते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९.

प्रश्न : मी विरारहून चर्चगेटला कॉलेजला येतो. जाऊन-येऊन तीन तास जातात. निबंध नेहमी आदल्या रात्री लिहिला जातो. दोन आठवडे मिळाले तरी असेच होते.
– तृतीय वर्षाचा विद्यार्थी

आदल्या रात्री लिहिलेला निबंध वाईट होतो तो घाईमुळे कमी आणि दुसऱ्यांदा न वाचल्यामुळे जास्त. दोन आठवड्यांची वाटणी अशी करून पाहा : पहिले दोन दिवस फक्त प्रश्न फोडण्यात, नंतरचे पाच दिवस वाचन आणि टिपणे, आठव्या दिवशी एका वाक्यातले उत्तर आणि सात मुद्द्यांचा आराखडा. नवव्या ते अकराव्या दिवशी रोज पाचशे शब्द. बाराव्या दिवशी निबंधाकडे पाहायचेही नाही. तेराव्या दिवशी दुरुस्ती, चौदाव्याला संदर्भयादी आणि छपाई. वाचन सातव्या दिवसानंतरही लांबत राहिले, तर समजा की लिहिण्याची भीती वाटते आहे. तिथेच थांबून आराखडा करा. काय वाचायचे राहिले ते आराखडा सांगतो.

लोकलमध्ये लिहिणे होत नाही, गर्दीत तर वाचणेही कठीण. पण दोन कामे गाडीत चांगली होतात. एक, एका वाक्यातले उत्तर मनात घोळवणे आणि मोबाइलवर त्याचे चार-पाच पाठ लिहिणे. दुसरे, स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेला खर्डा कानाला लावून ऐकणे. डोळा जी चूक ओलांडून जातो ती कानाला खटकते : अर्धवट वाक्य, एकाच ओळीत तीनदा आलेला ‘महत्त्वाचा’, कर्ता हरवलेले क्रियापद. टेबलाशी बसायचे तास मात्र लिहिण्यासाठीच राखून ठेवा.

प्रश्न : सगळी पुस्तके इंग्रजीत वाचते आणि निबंध मराठीत लिहिते. वाक्ये अवजड होतात. शिक्षक म्हणतात, ‘सरकारी परिपत्रकासारखे लिहू नकोस.’
– राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, भांडुप

ही अडचण फार जणांची आहे आणि तिचे मूळ पुस्तक समोर उघडे ठेवून लिहिण्यात आहे. डोळ्यासमोर इंग्रजी वाक्य असले की हात त्याच घाटाचे मराठी वाक्य लिहितो. पुस्तक मिटा, तोच मुद्दा बाजूला बसलेल्या मैत्रिणीला तोंडी सांगा आणि जे बोललात ते लिहा. मग पुस्तक उघडून तपशील आणि पृष्ठक्रमांक तपासा.

एक उदाहरण पाहू. ‘ब्रिटिश शासनाद्वारे १८५३ मध्ये सुरू करण्यात आलेल्या रेल्वेच्या माध्यमातून मुंबई शहराच्या विकासाला चालना देण्याचे कार्य करण्यात आले.’ हे वाक्य अवजड तर आहेच, पण त्याहून मोठा दोष म्हणजे ते चुकीचे आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीने सुरू केली होती. ‘द्वारे’ आणि ‘करण्यात आले’ वापरले की कोणी काय केले हे धूसर होते आणि लिहिणाऱ्यालाही आपली चूक दिसत नाही. शिवाय ‘विकासाला चालना’ म्हणजे काय झाले? आता असे लिहा : ‘१८५३ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू केली. १८६३ मध्ये मार्ग भोर घाट चढून गेला आणि दख्खनचा कापूस रेल्वेने मुंबई बंदरात पोहोचू लागला.’ वाक्ये दोन झाली, पण कर्ता आला, कारण आले आणि ‘चालना’ कशी मिळाली तेही दिसले.

खर्डा तपासताना पेन्सिल घेऊन ‘द्वारे’, ‘माध्यमातून’, ‘करण्यात आले’, ‘दृष्टिकोनातून’, ‘या ठिकाणी’ यांना गोल करा. प्रत्येक गोलापाशी विचारा, कोणी केले? उत्तर माहीत असेल तर त्याला कर्ता करा. माहीत नसेल तर पुन्हा वाचायला हवे. वाक्य पंचवीस शब्दांपलीकडे गेले की ते तोडता येते का पाहा. सगळीच वाक्ये तोडू नका. एकापाठोपाठ एक आखूड वाक्ये आली की वाचणाऱ्याला धाप लागते.

पारिभाषिक शब्दांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आहेत. तिथला शब्द पहिल्यांदा वापरताना एका वाक्यात त्याचा अर्थ सांगा आणि निबंधभर तोच शब्द ठेवा. ललित लेखनात एकच शब्द पुन्हा आला की खटकतो, म्हणून आपण पर्याय शोधतो. इथे आधी ‘नोकरशाही’, मग ‘प्रशासनयंत्रणा’, मग ‘अधिकारीवर्ग’ असे बदलत गेलात, तर तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलता आहात असे वाटते. आणि कोशातला शब्द अगदीच अनोळखी असेल, तर रुळलेला इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिण्यात काही गैर नाही.

प्रश्न : निबंधात ‘मी’ वापरावा का?
– विद्यार्थी, बोरिवली

‘या निबंधात मी असे दाखवणार आहे की’ हे चालते. बहुतेक विषयांत आता त्याला हरकत नसते. ‘प्रस्तुत लेखकाच्या मते’ असे आडवळण घेण्यापेक्षा ते बरे. ‘मला वाटते’ मात्र पुराव्याच्या जागी येऊ नये. आणि विभागाचा काही लेखी नियम असेल, तर तो पाळा.

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधिकेत साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने २८ टक्के दाखवले. मी प्रत्येक ठिकाणी लेखकाचे नाव दिले आहे. मग हे वाङ्मयचौर्य कसे? आणि एआयकडून मजकूर सुधारून घेतला तर?
– विद्यार्थिनी, ठाणे

सॉफ्टवेअर चोरी ओळखत नाही, जुळणारे शब्द मोजते. त्यामुळे अहवालातला आकडा पाहून घाबरू नका, रंगवलेल्या ओळी एकेक करून वाचा. अवतरणचिन्हांत नीट संदर्भासह घेतलेला मजकूर आणि संदर्भयादी वगळून पुन्हा तपासणी करायला सांगा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत ही वजावट आहे. सर्वसामान्य माहितीचे सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्यही त्यात धरले जात नाही. वजावटीनंतर दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. दहा ते चाळीस टक्क्यांदरम्यान असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जी सहा महिन्यांपेक्षा जास्त नसते, सुधारित प्रबंधिका द्यावी लागते. चाळीस ते साठमध्ये वर्षभर सादर करता येत नाही, साठच्या वर नोंदणीच रद्द होते.

तुमच्या बाबतीत बहुधा असे झाले असेल : लेखकाचे नाव दिले, पण वाक्ये त्याचीच ठेवली, दोन-चार शब्द बदलून आणि अवतरणचिन्हे न घालता. नाव दिल्याने कल्पनेचे श्रेय पोहोचते, शब्दांचे पोहोचत नाही. इथे दोनच मार्ग आहेत. शब्दच मोलाचे असतील तर अवतरणचिन्हे आणि पृष्ठक्रमांक. कल्पना मोलाची असेल तर पुस्तक मिटून ती आपल्या रचनेत सांगा आणि तरीही संदर्भ द्या. समानार्थी शब्द घालत बसणे हा तिसरा मार्ग नव्हे. त्याने टक्के उतरतील, पण मार्गदर्शकाच्या नजरेतून ते सुटत नाही. आमच्या मते अवतरणे एकूण मजकुराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमीच असावीत. साहित्यकृतीचे विश्लेषण असेल तर जास्त चालतील, कारण तिथे शब्द हाच पुरावा असतो.

एआयबद्दल आधी तुमच्या विभागाचा नियम विचारा आणि वापर केलात तर तसे लिहून द्या. धोका दोन ठिकाणी आहे. ही साधने अस्तित्वात नसलेली पुस्तके आणि लेख खऱ्यासारखे लेखक, साल, पृष्ठ देऊन सांगतात. जे पान तुम्ही स्वतः उघडून पाहिलेले नाही, ते यादीत घालू नका. दुसरे असे की मजकूर सुधारून घेताना तुमचा नेमका दावा गुळगुळीत होतो. ‘वेग वाढवला’ असे तुम्ही म्हटलेले असते, परत येताना त्याचे ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावली’ होते. प्रबंधिकेच्या तोंडी परीक्षेत त्या वाक्याचा बचाव तुम्हालाच करायचा आहे.

प्रश्न : केंद्रीय लोकसेवा आयोगाचा निबंधाचा पेपर मराठीतून देणार आहे. वेळ पुरत नाही. पहिला निबंध छान होतो, दुसरा आटोपता घ्यावा लागतो.
– परीक्षार्थी, दादर

तीन तास, दोन विभागांतून एकेक असे दोन निबंध, प्रत्येकी १२५ गुण आणि हजार-बाराशे शब्द. गुण सारखे आहेत, म्हणून वेळही सारखाच : नव्वद आणि नव्वद मिनिटे. त्यांतली वीस विषय निवडण्यात आणि आराखड्यात, साठ लिहिण्यात, दहा पुन्हा वाचण्यात. साठ मिनिटांत अकराशे शब्द म्हणजे मिनिटाला अठरा. तुमचा वेग किती आहे ते घड्याळ लावून, सलग अर्धा तास लिहून मोजा. देवनागरी लिहायला मात्रा-वेलांट्यांमुळे वेळ लागतो; वेग पंधरावर अडत असेल, तर नऊशे शब्दांचा निबंध आखा. आखलेला नऊशेचा पूर्ण निबंध हा बाराशेच्या अर्धवट निबंधापेक्षा केव्हाही चांगला.

वीस मिनिटे आराखड्याला देताना जीव कासावीस होतो, कारण आजूबाजूचे लिहू लागलेले असतात. तरी ती द्याच. आराखड्यात सात-आठ मुद्दे, प्रत्येकापुढे एक ठोस उदाहरण आणि एक विरुद्ध बाजू लिहा. उदाहरण सुचत नाही तो मुद्दा तिथल्या तिथे काढून टाका. लिहिताना सुचेल या आशेवर ठेवलेले मुद्देच पुढे वेळ खातात. सुभाषिते आणि ओव्या पाठ करून प्रत्येक निबंधात बसवण्याची पद्धत क्लासमध्ये रूढ आहे. एखादी ओवी नेमकी बसली तर जरूर घ्या. मात्र प्रत्येक परिच्छेदाला एक लावली की परीक्षकाला तुमचे स्वतःचे म्हणणे शोधावे लागते.

प्रश्न : कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. साठ निबंध तपासताना प्रत्येकाला सविस्तर शेरा देणे शक्य होत नाही. काय करावे?
– शिक्षिका, विक्रोळी

सगळ्या चुका दाखवू नका. प्रत्येक वहीत एकच गोष्ट निवडा, जी दुरुस्त झाली तर निबंध सर्वांत जास्त सुधारेल, आणि ती कामाच्या भाषेत लिहा. ‘मांडणी सुधारा’ यावरून मुलांना काय करायचे ते कळत नाही. ‘तिसऱ्या परिच्छेदात पुरावा आहे, पण तो प्रश्नाशी जोडलेला नाही, शेवटी एक वाक्य घाल’ यावरून कळते. शुद्धलेखनाच्या खुणा पहिल्या पानापुरत्या करा. शक्य असेल तर अंतिम निबंधाआधी फक्त एका वाक्यातले उत्तर आणि आराखडा मागवा. साठ आराखडे एका दुपारी वाचून होतात आणि चुकीच्या वाटेला लागलेली मुले तिथेच परत फिरवता येतात. पूर्ण निबंध झाल्यावर ते फार अवघड होते.

प्रश्न : निबंध टाइप करून पाठवला. सरांच्या संगणकावर नुसती चित्रविचित्र अक्षरे दिसली. पुन्हा तसे होऊ नये म्हणून काय करू?
– विद्यार्थी, गोरेगाव

टाइपिंगच्या दुकानात जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर केला असणार. त्यात अक्षरांचे संकेत त्या फाँटपुरते असतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर वाचता येत नाही आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो कळत नाही. युनिकोडमध्येच टाइप करा. इन्स्क्रिप्ट कळफलक संगणकात आधीपासून असतो, तो फक्त सुरू करावा लागतो. मोबाइलवर बोलूनही पहिला खर्डा घालता येतो, मात्र विरामचिन्हे आणि जोडाक्षरे नंतर हाताने तपासावी लागतात. पाठवताना पीडीएफ आणि मूळ फाइल दोन्ही द्या, आणि त्याआधी पीडीएफ दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवर उघडून रफार आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ नीट दिसतात का ते पाहून घ्या.